धुळीच्या आधी निरोप

धुरपताचं माहेर वडनेरचं आणि सासर देवळीचं. शिक्षण चौथीपर्यंत, तेही अडखळत. हातात विळा धरला तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती, आणि कापूस वेचायला लागली तेव्हा तिच्या ओटीचं ओझं तिच्यापेक्षा जड वाटायचं. तरीही १९८०च्या सुमारास देवळीच्या बाजारात उभं राहून, अमेरिकेच्या उपग्रहाचे फोटो या गावात कोण काढतं असं कुणी विचारलं असतं, तर पानठेल्यावाल्यानेही पानाला चुना लावता लावता वर बोट केलं असतं. वर, ओमप्रकाशच्या फोटो स्टुडिओच्या स्लॅबवर, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा दोन्ही हातांनी धरून आभाळभर फिरवत असायची. तीच धुरपता.

तिला आभाळाचं वेड नव्हतं. वेड होतं ते नवऱ्याला. तिला फक्त त्याच्या श्वासाची काळजी होती.

लहानू फौजेत सिग्नलमध्ये होता. वायरलेस सेट उघडून पुन्हा जोडण्यात त्याचा हात धरणारा पलटणीत कुणी नव्हता म्हणायचे. पण पंजाबातल्या एका उन्हाळ्यात त्याला दम्याने गाठलं ते गाठलंच. दोन वर्षं इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या आणि त्र्याहत्तर साली फौजेने त्याला घरी पाठवून दिलं. देवळीला येऊन त्याने ओमप्रकाशच्या स्टुडिओखालच्या गाळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मूलबाळ नव्हतं. धुरपता सकाळी मजुरीला जायची, दुपारून दुकानात बसायची. बसल्या बसल्या तिला तारा कथलाने जोडायची झाळ धरता यायला लागली, मग रेडिओचा कुठला भाग कशाला असतो ते कळायला लागलं. लहानू शिकवायचा, आणि शिकवताना हसायचाही: "आमच्या हवालदाराले जे सहा महिन्यांत नाई समजलं, ते तुले आठवड्यात समजलं."

पण उन्हाळा आला की हे हसणं थांबायचं. चैत्र संपता संपता एखाद्या दुपारी आभाळ मळकं व्हायचं. ढग नाही, पाऊस नाही. सूर्य नुसता जुन्या पितळेसारखा फिका पडायचा. वारा पश्चिमेकडून यायचा आणि त्याबरोबर पिठासारखी बारीक धूळ. पाण्याच्या माठावर, रेडिओच्या काचेवर, जिभेवर. मग लहानूची छाती भात्यासारखी वाजायला लागायची. तो खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसायचा आणि एकेक श्वास विहिरीतून पोहऱ्याने ओढावा तसा ओढायचा. धुरपता त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. दुसरं काही करता येत नाही याचा तिला संताप यायचा.

"आधी समजलं असतं त खिडक्या तरी लावल्या असत्या," ती म्हणायची. "ओल्या चादरी टांगल्या असत्या. सेवाग्रामले जाऊन दवा आणली असती."

"धुळीले काय तारीख असते का?" लहानू धापा टाकत म्हणायचा.

अठ्ठ्याहत्तर साली लहानूच्या एका फौजी दोस्ताने त्याला रेडिओचं एक इंग्रजी मासिक पाठवलं. त्यात लिहिलं होतं की अमेरिकेचे हवामानाचे उपग्रह डोक्यावरून जाताना खालच्या जमिनीचं चित्र रेडिओवरून सतत सांडत जातात, आणि ज्याच्याकडे योग्य अँटेना आहे त्या कुणालाही ते वेचता येतं. परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत. लहानूने ते पान इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. त्याने लगेच जुने रेडिओ फोडून रिसीव्हर बनवायला घेतला. चित्र उमटवायला त्याने डालड्याचा डबा आडवा बसवला, टेपरेकॉर्डरच्या मोटारीने तो फिरता केला, त्यावर फोटोचा कागद गुंडाळला आणि कागदासमोर एक बारीक दिवा सरकत जाईल अशी सोय केली. उपग्रहाचा आवाज मोठा झाला की दिवा उजळायचा, लहान झाला की मंदावायचा. कागदावर रेघेमागे रेघ उमटत जायची. कागद धुवायला वरचा ओमप्रकाश होताच. तो मूळचा जबलपूरचा, अंधाऱ्या खोलीत अर्धा जन्म घालवलेला, आणि नव्या उद्योगाला कधी नाही न म्हणणारा.

अडचण एकच होती. उपग्रह क्षितिजावरून वर येतो, डोक्यावरून जातो आणि दुसरीकडे मावळतो. तेवढा वेळ अँटेना त्याच्या रोखाने फिरवत राहावी लागते. स्टुडिओचा जिना चढला की लहानूला पाचवी पायरी गाठेपर्यंत दम लागायचा.

"मी फिरवतो न," धुरपता म्हणाली. वऱ्हाडातल्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात.

"दिसत नाई ते. कुठं फिरवशीन?"

"आवाज येते न?"

लहानूने तिच्या कानाला फौजेतला हेडफोन लावला आणि लांब वायर सोडून तिला वर पाठवलं. आधी तिला नुसता तव्यावर पाणी टाकल्यासारखा सूंऽऽ आवाज आला. मग त्या आवाजाच्या पोटातून एक टिकटिक निघाली. बारीक, गोड, एका ठेक्यात. तिने नळ्या जराशा डावीकडे नेल्या, तशी टिकटिक बुडाली. उजवीकडे नेल्या, तशी वर आली. लहानपणी जोंधळ्याच्या मळ्यात माळ्यावर बसून राखण केलेल्या बाईला आवाजामागे मान वळवायचं शिकवावं लागत नाही. ती त्या टिकटिकीमागे फिरत फिरत, भुईला पाय घासत, उत्तरेकडून दक्षिणेपर्यंत गेली, आणि आवाज विझला तेव्हा तिच्या लक्षात आलं की रस्त्यावर चाळीसेक माणसं तोंड वर करून उभी आहेत.

पहिले कितीतरी कागद नुसते काळे-पांढरे ओरखडे निघाले. ओमप्रकाशने ते टेबलाच्या खणांत अंथरले. मग होळीच्या आधी एके सकाळी लाल दिव्याच्या उजेडात, ट्रेमधल्या पाण्याखाली कागदावर हळूहळू एक आकार वर आला. समुद्राची काळी कड, तिच्यात घुसलेली एक खाच, आणि वर पोपटाच्या चोचीसारखा बाक.

"भाभी!" ओमप्रकाश ओरडला. "अरे, हे तर गुजरात हाय! शाळेच्या नकाशातलं गुजरात!"

लहानू त्या दिवशी जिना चढून वर आला. अर्ध्यात दोनदा बसला, पण आला. ओला कागद हातात धरून तो एकेक रेघ पाहायला लागला. धुरपताने विचारलं, "अजी, अन् देवळी कुठं हाय यात?"

त्याने कागदाच्या मधोमध करंगळीचं नख ठेवलं. "या नखाखाली अख्खा वर्धा जिल्हा हाय."

धुरपता वाकून पाहत राहिली. मग तिने तो प्रश्न विचारला ज्याच्यामुळे हे सगळं नुसता खेळ राहिलं नाही.

"यात धूळ दिसते का?"

लहानू हसला. "ढग दिसतात. धूळ कोणाले पाह्याची हाय?"

"मले," ती म्हणाली.

त्याच वर्षीच्या जुलैत स्कायलॅबचा गोंधळ झाला. अमेरिकेची ती अवकाशातली प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, कुठे कोसळणार ते सांगता येत नाही, असं रेडिओ रोज सांगत होता. गावोगाव लोकांनी धास्ती घेतली. कुणी कोंबड्या कापून खाऊन टाकल्या, कुणी लेकीबाळींना घरी बोलावून घेतलं. देवळीत सगळ्यांची नजर स्टुडिओच्या स्लॅबवर गेली. बाईने आभाळात रोखलेला तो सांगाडा स्कायलॅबला ओढून आणणार, अशी आवई उठली, आणि एका दुपारी बरीच माणसं दुकानापुढे जमली. पुढे बापूराव होते. गावाच्या कडेला त्यांचं मोठं वावर, शब्दाला वजन असलेला माणूस.

"लहानू, काढ ते वरचं," बापूराव म्हणाले. "गावावर आणशीन एखाद दिवशी."

लहानूने तोंड उघडलं, पण त्याला खोकला आला. धुरपता पुढे झाली. "बापूरावजी, एवढी ताकद असती न त्या दांड्यात, त मी आधी पाऊस नसता बोलावला? पेरण्या वाळून राह्यल्या सगळ्यांच्या."

गर्दीत हशा पिकला. ते साल पावसाने दगा दिलेलं होतं आणि तो विनोद सगळ्यांच्याच जिवाचा होता. धुरपताने हेडफोन आणून बापूरावांच्या हातात दिला. "तुम्हीच आइका. हे ओढत नाई, निस्तं आइकते. तुमचा घरचा रेडिओ मुंबईले ओढून आणते का देवळीत?"

उपग्रहाची वेळ जवळच होती, आणि तो डोक्यावर आला की सांगाडा न फिरवताही थोडा वेळ ऐकू यायचा. बापूराव भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिले, आणि टिकटिक सुरू झाली तसा त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. भांडण तिथेच मिटलं. पण गर्दीच्या मागे मनकर्णाबाई नावाची म्हातारी होती. तिचं हसण्याकडे लक्ष नव्हतं. ती पदराने डोळे पुसत होती; तिचा एकुलता एक नातू नागपूरला होता आणि मरायच्या आधी तिला त्याचं तोंड पाहायचं होतं. धुरपता कुणी न सांगता वर गेली, सांगाडा सोडवला आणि आडवा करून ठेवला.

"काऊन उतरवलं?" लहानू चिडला. "तू जिंकली होतीस न!"

"म्हातारी भेली हाय," ती म्हणाली. "पडून जाऊ द्या तिकडं त्याले. मग चढवतो."

स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडलं. धुरपताने सांगाडा पुन्हा उभा केला.

धूळ दिसायला मात्र पुढचा उन्हाळा यावा लागला. मे महिन्यातल्या एका सकाळचा फोटो पुसट निघाला. खंबातच्या आखाताची कड नीट उमटली नव्हती, आणि सातपुडा-विंध्याच्या मधून जाणारी नर्मदेच्या खोऱ्याची काळी रेघ, जी रोज न चुकता दिसायची, ती अर्ध्यातच गायब होती. ओमप्रकाशने कागद कोपऱ्यात भिरकावला. "कागद धुवायची दवाई खराब झाली भाभी. नवीन बनवावी लागन."

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्य पितळेचा झाला. संध्याकाळपर्यंत लहानू खाटेच्या काठावर वाकून बसलेला होता.

त्याला जरा उतार पडल्यावर धुरपता स्टुडिओत गेली, कोपऱ्यातला तो चुरगळलेला कागद सरळ केला आणि आदल्या आठवड्यातल्या फोटोशेजारी ठेवून पाहत बसली. तिने ओमप्रकाशला विचारलं, "दवाई खराब होती त इकडची किनार साफ कशी आली? हे पाहा, गोव्याकडची."

ओमप्रकाशने चष्मा पुसला. खरंच, कागदाच्या खालच्या भागात सगळं लख्ख होतं. पुसट होता तो फक्त राजस्थानापासून माळव्यापर्यंतचा पट्टा.

दोघांनी मिळून तो कागद लहानूकडे नेला. लहानू उशीला टेकून बसला होता. त्याने दोन्ही फोटो एकमेकांवर धरून उजेडात पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. "धूळ दिसतच नाई," तो हळू म्हणाला. "जमिनीचा रंग अन् धुळीचा रंग सारखाच. पण तिच्याखालचं जे दिसाले पाह्यजे ते दिसेनासं होते. धुरपता, आपण इतके दिवस चित्रात धूळ धुंडत होतो. धुंडाले पाह्यजे ते नर्मदा कुठं हरवली ते!"

त्यानंतर रोज सकाळी कागद वाळला की धुरपता आधी नर्मदा शोधायची. मग खंबातची कड, मग कच्छचं पांढरं रण. तिघंही जागच्या जागी असले की दिवस आपला. नर्मदा हरवली आणि वारा पश्चिमेचा असला, की ती दुकानाच्या आणि घराच्या फटींत चिंध्या कोंबायची, दारांवर ओल्या चादरी टांगायची, लहानूची औषधं उशाशी आणून ठेवायची. त्या उन्हाळ्यात धूळ तीनदा आली. तिन्ही वेळा लहानू ओल्या चादरीआड बसून रेडिओ दुरुस्त करत राहिला, आणि दम लागला तो आटोक्यातला. धुरपता कधी कधी फसायचीही. सगळं घर ओलं करून बसावं आणि धूळ उत्तरेला वळून जावी. शेजारच्या बाया हसायच्या. धुरपताही हसायची. "नाई आली त बरंच झालं न, बाप्पा! चादरी त धुऊन निघाल्या."

मार्चमध्ये वेगळंच काही दिसायचं. सातपुड्याच्या रानाचा काळपट डाग आणि त्याच्या एका बाजूला ओढलेली, ओल्या बोटाने पुसल्यासारखी फिकी रेघ. लहानू म्हणाला हे वणव्याचं असावं, कारण ढगाला दोन्हीकडे कड असते आणि याला एकाच बाजूला. मेळघाटाकडून आलेल्या ट्रकवाल्यांना धुरपताने बाजारात गाठून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की डोंगर आठवडाभर जळत आहेत, गाडीचे दिवे लावून यावं लागलं. त्या दिवसापासून ती शेजारपाजारी जो निरोप द्यायची त्यात धुळीबरोबर धूरही आला.

हा निरोप देवळीबाहेर गेला तो सेवाग्रामच्या दवाखान्यामुळे. लहानूला दाखवायला ती तिथे जायची तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर प्रमिलाबाई तिला ओळखायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "धुरपताबाई, तुमचा माणूस यंदा कमी येऊन राह्यला. बाकीचे दम्याचे त रांगेनं येतात. काय करता?"

धुरपताने पिशवीतून फोटो काढून दाखवले. प्रमिलाबाईंनी तिला थेट छातीच्या डॉक्टरांपुढे नेलं. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी फोटो खिडकीशी नेऊन बारकाईने पाहिले, खूप प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाले, "बाई, एवढ्यावरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. पण एक दिवस आधी कळलं, तर माझ्या रोग्यांना औषध हाताशी ठेवायला सांगता येईल. तुम्ही मला कळवाल का?"

"कळवीन जी. पण कसं? दररोज मी येऊ नाई शकत."

"पत्र टाकलं तर धूळ आधी पोचेल," डॉक्टर हसले.

तोड प्रमिलाबाईंनीच काढली. देवळीहून वर्ध्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर बाबाराव त्यांच्या नात्यातला होता. वर्ध्याला सेवाग्रामची गाडी त्याच्या गाडीशेजारीच लागायची. धुरपताने स्टँडवर जाऊन बाबारावला निरोप द्यायचा, त्याने तो सेवाग्रामच्या गाडीच्या कंडक्टरला, आणि त्याने दवाखान्याच्या फाटकावर. बाबाराव गडगडाटी आवाजाचा माणूस. निरोप नुसता पोचवून त्याचं समाधान होईना. प्रत्येक थांब्यावर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत तो ओरडायचा, "उद्या धूळ हाय, होऽऽ! दमेवाल्यांनो, घरात बसजो!" थांब्यांवरची माणसं आधी हसली. मग दुसऱ्या दिवशी धूळ आली. मग ती वाट पाहायला लागली.

या सगळ्या चांगल्या दिवसांत त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीतली ती सकाळ आली. फोटो आरशासारखा स्वच्छ होता. नर्मदा जागेवर, रान जागेवर. धुरपताने लहानूला सांगितलं, "आज अंगणात बसा खुशाल, ऊन घ्या." आणि ती पाणी आणायला गेली. गावाच्या कडेला बापूरावांच्या गड्याने धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, वाळलं गवत आणि काडीकचरा पेटवला. थंडीची सकाळ, वारा पडलेला. धूर वर चढेना. तो पाण्यासारखा जमिनीवरून सरकत आला आणि वस्तीत साचून बसला. धुरपता डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन परतली तेव्हा लहानू अंगणात आडवा पडला होता आणि त्याचे ओठ निळे होते.

तिची हाक ऐकून बापूराव स्वतः धावत आले. काय घडलं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. धूर अजून डोळ्यांत जात होता. त्यांनी लहानूला उचलून आपल्या जीपमध्ये घातलं आणि थेट सेवाग्रामपर्यंत गाडी हाणली. लहानूला ऑक्सिजन लावला. चार दिवस तो या काठावर की त्या काठावर हे डॉक्टरांनाही सांगता येईना. प्रमिलाबाई आपली पाळी संपली तरी घरी जात नव्हत्या.

धुरपता वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून होती. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. आपल्याच सांगण्यावरून तो अंगणात बसला. चौथ्या दिवशी लहानूने डोळे उघडले तेव्हा ती म्हणाली, "मोडून टाकतो मी ते सगळं. राजस्थानची धूळ दिसते, अन् शेजारच्या वावरातला धूर नाई दिसत. काय कामाचं?"

लहानू बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "तिथून एवढंसं कसं दिसन?" तो म्हणाला. "त्याचं काम तो करते, धुरपता. जवळचं पाह्याले आपले डोळे हायेत न."

लहानूला घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी ती बापूरावांच्या वावरात जाऊन उभी राहिली. बापूरावांनी मान खाली घातली. "चुकी झाली, बाई. मी गड्याले बोललो."

"गड्याचं काय चुकलं? दरसाल पेटवता, यंदाही पेटवलं," धुरपता म्हणाली. "पेटवू नका मी म्हणत नाई. वारा पाहून पेटवा. गावाकडून वावराकडं वारा असन तवा. अन् सकाळी नाई, ऊन चढल्यावर, म्हणजे धूर वर जाइन."

"वारा कळते का आमाले दरवेळी?"

"मी दाखवतो."

तिने जुन्या लाल लुगड्याची लांब पट्टी फाडली आणि स्लॅबवरच्या खांबाच्या टोकाला बांधली. बाजारातली ती सगळ्यांत उंच जागा. कडेच्या वावरांतून पट्टी स्पष्ट दिसायची. पट्टी आपल्या वावराच्या उलट दिशेला फडफडत असली किंवा लोंबत असली तर काडी लावायची नाही, एवढा साधा नियम. सगळ्यांनी लगेच ऐकलं असं नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं, "आमचं वावर, आमची काडी. तू कोण सांगणार?" धुरपता भांडली नाही. तिने त्याला बाबारावच्या गाडीत बसवून सेवाग्रामला नेलं आणि दम्याच्या वॉर्डात एक चक्कर मारून आणली. येताना तो खिडकीतून बाहेर पाहत बसला. पुढे तोच दुसऱ्यांना पट्टीकडे बोट दाखवायला लागला.

बापूराव लहानूच्या तब्येतीची चौकशी करायला घरी आले. इतक्या वर्षांत ते अंगणाच्या पुढे कधी आले नव्हते, आणि का आले नव्हते ते दोन्ही घरांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते आत आले, खाटेवर लहानूशेजारी बसले, आणि धुरपताने पुढे केलेला चहा बशीत ओतून प्याले. निघताना म्हणाले, "उद्याही येतो." आणि आले.

लहानू त्यानंतर तीन वर्षं जगला. डॉक्टर म्हणायचे, त्याच्या छातीची अवस्था पाहता ही तीन वर्षं बाईने ओढून आणलेली आहेत. तो गेला तो शहाऐंशीच्या भर पावसाळ्यात, हवा धुऊन निघालेली असताना, झोपेत, हृदय थांबून. ना धूळ होती ना धूर. धुरपताला त्याचं एक विचित्र समाधान होतं. "त्याले कशानं हरवलं ते मले ठाऊक नाई," ती प्रमिलाबाईंना म्हणाली, "पण धुळीनं नाई हरवलं."

आता बाई दुकान बंद करेल, असं लोक धरून चालले. नातेवाइकांनी वडनेरला चल म्हणून गळ घातली. महिनाभर गाळ्याचं शटर उघडलं नाही. मग एके दिवशी ओमप्रकाशला खालून झाळीचा वास आला. तो जिना उतरून पाहतो तर धुरपता लहानूच्या स्टुलावर बसून कुणाचातरी ट्रान्झिस्टर उघडून पाहत होती.

"भाभी?"

"उन्हाळ्यात रिसीव्हरजवळ कोण बसन?" तिने मान वर न करता विचारलं. "मी त वर राहीन."

"मी हाय ना," ओमप्रकाश म्हणाला.

ज्याच्यासाठी हे सुरू केलं तो माणूस उरला नव्हता, तरी पुढच्या चैत्रात ती स्लॅबवर चढली. कुणी विचारलं तर म्हणायची, "थांब्यांवर लोकं वाट पाहून राह्यले न." नागपूरहून उपग्रहाच्या चित्रांचा अभ्यास करणारी काही मंडळी सेवाग्रामच्या डॉक्टरांच्या ओळखीने तिला भेटायला आली. त्यांच्याकडे मोठमोठी रंगीत चित्रं होती, शेतसुद्धा वेगळं दिसावं इतकी साफ. त्यांच्यातल्या एका मुलीने तिला समजावून सांगितलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांतूनही चित्र काढता येतं, आणि त्यात धूळ जमिनीपेक्षा थंड दिसते. धुरपताने तिला तीन-तीनदा विचारून ते समजून घेतलं. जाताना त्या मुलीने वाकून नमस्कार केला, तशी धुरपताने तिला उठवून छातीशी धरलं. "मले आणखीन शिकवाले येजो, माय," ती म्हणाली. ती मुलगी नंतर दर उन्हाळ्यात येत राहिली.

तोवर देवळीत टीव्ही आले होते. धुरपताच्या दुकानात दुरुस्तीला आलेला एखादा सेट संध्याकाळी चालू असायचा आणि रस्त्यावर माणसं गोळा व्हायची. बातम्यांच्या शेवटी हवामान सांगताना भारताच्या उपग्रहाचं चित्र क्षणभर पडद्यावर यायचं. बातम्या देणारी बाई काहीतरी सांगत असायची, पण गर्दी तिचं ऐकत नसे. सगळ्या माना दुकानातल्या काउंटरकडे वळायच्या. धुरपता झाळ हातात धरून, डोळे बारीक करून त्या चित्राकडे पाहत असायची.

"काय म्हणते, धुरपताबाई?" बापूराव विचारायचे. "उद्या कांडप करायचं हाय मिरच्यांचं. करू का नको?"

"लहान हाय चित्र," ती म्हणायची. "सकाळी वर जाऊन आइकतो, मग सांगतो."

आणि सकाळी ती जिना चढून वर जायची.